राक्षसाची रेषा शाईत फुटते, तुटते किंवा करडी पडते तेव्हा काय तपासावे

पेन्सिलीत मनासारखा उतरलेला राक्षस शाईने गिरवायला घेतला की बिघडतो, ही तक्रार नाशकातील चित्रकलेचे विद्यार्थी आणि हौशी चित्रकार माझ्याकडे सतत घेऊन येतात. पावसाळ्यात तिचे प्रमाण वाढते. येणाऱ्याने बहुतेक वेळा निदानही स्वतःच केलेले असते : आपला हात शाईसाठी अजून तयार नाही. या निदानावर विश्वास ठेवून मुले महिनोन्महिने सरळ रेषा मारण्याचा सराव करतात आणि नंतर त्याच कागदावर, त्याच पेनाने पुन्हा तोच अनुभव घेतात. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा बहुसंख्य चित्रांत दोष कागद, पेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि ओलावा यांच्यात सापडला, आणि तो शोधायला कागदाची एक पट्टी व थोडा धीर पुरला. म्हणून चित्र फाडण्यापूर्वी खालील क्रमाने तपासणी करावी. हा क्रम फुकट आणि सोप्या गोष्टींपासून खर्चिक व अवघड गोष्टींकडे जाणारा आहे.

लक्षणे

नेमके काय बिघडले आहे ते चांगल्या उजेडात, शक्य असल्यास भिंगातून पाहावे, कारण दुरून सारख्याच दिसणाऱ्या दोषांची कारणे वेगवेगळी असतात.

पहिले लक्षण रेषा फुटण्याचे. रेषेच्या कडांना बारीक तंतू सुटतात आणि ०.२५ मिलिमीटरच्या पेनाने मारलेली रेषा दुप्पट जाड दिसू लागते. हे फुटणे कागदभर सारखे आहे की ठिकठिकाणी, याची नोंद करून ठेवावी. पुढे त्यावर बरेच अवलंबून असते. दुसरे लक्षण याच्या उलट आहे : शाई कागदाला धरतच नाही, रेषा मध्येच तुटते किंवा शाईचे बारीक थेंब होऊन ते वरच बसून राहतात. तिसऱ्यात शाई नीट बसते, पण खालची पेन्सिल पुसण्यासाठी खोडरबर फिरवला की काळीभोर रेषा करडी होते. चौथ्यात वाळलेली वाटणारी रेषा तळहाताने फरफटते किंवा तिच्यावर पाण्याचा हात दिला की वाहू लागते. पाचवे लक्षण आयाळ, पिसे आणि खवले यांत हमखास दिसते : दोन रेषा जिथे अरुंद कोनात भेटतात त्या बेचक्यात शाई साचते, आणि केसांचा झुपका काळ्या डागासारखा दिसतो.

सहावे लक्षण वेगळ्या जातीचे आहे. भिंगातून पाहिले तर प्रत्येक रेषा स्वच्छ आणि काळी असते, तरीही हातभर अंतरावरून सगळा प्राणी एकसारखा करडा आणि चपटा दिसतो. तिसऱ्या आणि सहाव्या लक्षणाची गल्लत फार होते, कारण दोन्हींना आपण ‘चित्र करडे पडले’ असेच म्हणतो. त्यांचा फरक भिंग एका क्षणात दाखवते.

हे दोष राक्षस, व्याल, मकर, पंखवाले साप अशा प्राण्यांच्या चित्रांतच अधिक का दिसतात, याचे कारण समजून घेणे उपयोगी आहे. झाड किंवा माणूस समोर बसवून काढता येतो; काल्पनिक प्राणी मात्र कागदावरच शोधावा लागतो. शिंग आधी पुढे वळते, मग मागे जाते, जबडा चार वेळा बदलतो, आणि प्रत्येक बदलाबरोबर कागदाच्या त्याच जागेवर पेन्सिल व खोडरबर फिरत राहतात. शाईची वेळ येते तोपर्यंत डोळा आणि तोंड या सर्वांत महत्त्वाच्या जागांचा कागद सर्वाधिक घासलेला असतो. त्यातच केस आणि खवले यांच्या शेकडो जवळजवळच्या रेषा येतात, त्यामुळे साध्या चित्रात लपून राहिला असता असा किरकोळ दोषही येथे उघडा पडतो.

आधी चाचणीपट्टी

कोणतीही वस्तू विकत आणण्यापूर्वी त्याच कागदाची, शक्यतो त्याच चित्राच्या कडेची, चार बोटे रुंद पट्टी कापून घ्यावी. तिच्यावर पाच चौकोन आखावेत. पहिला कोरा ठेवावा. दुसऱ्यात चित्रात वापरलेल्या पेन्सिलीची गडद छटा भरावी. तिसऱ्यात तशीच छटा भरून ती खोडरबराने नेहमीच्या जोराने तीन-चार वेळा पुसावी. चौथ्यावर नुसता तळहात घासावा. पाचवा चौकोन पट्टीच्या मागच्या बाजूला घ्यावा. मग सर्व चौकोनांत त्याच पेनाने, त्याच शाईने काही सुट्या रेषा आणि थोड्या अरुंद कोनात भेटणाऱ्या रेषा माराव्यात व त्या पूर्ण वाळू द्याव्यात.

या पट्टीचे वाचन सोपे आहे. कोऱ्या चौकोनातही रेषा फुटली, तर संशय कागद, शाई किंवा पेन यांच्यावर जातो. कोऱ्या चौकोनात रेषा चांगली आली आणि पुसलेल्या चौकोनात फुटली, तर कागदाचा पृष्ठभाग खोडरबराने उठला आहे. गडद छटेवर रेषा तुटली, तर ग्रॅफाइट जास्त झाले आहे. तळहाताच्या चौकोनात तुटली, तर तेलकटपणा आहे. सगळे चौकोन चांगले आले आणि चित्र तेवढे बिघडले, तर प्रश्न रेषा मारण्याच्या क्रमात किंवा वाळण्याच्या वेळेत आहे. पुढची तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम मी कधीही सोडत नाही. पेन, शाई आणि कागद एकदम बदलून चित्र सुधारले तरी कारण कळत नाही, आणि कारण कळले नाही की तोच दोष पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दारात उभा राहतो.

हात, तेल आणि वाळण्याचा वेळ

या तपासणीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती सर्वांत आधी. केसांना खोबरेल तेल लावून, विचार करताना डोक्यावरून हात फिरवून तोच हात कागदावर टेकवणे ही आपल्याकडची अगदी सर्वसाधारण सवय आहे. पाण्यावर आधारलेली शाई तेलकट जागेवर पसरत नाही, आकसते. म्हणून तळहात टेकतो नेमक्या त्या पट्ट्यात रेषा तुटतात. साबणाने हात धुऊन ते पूर्ण कोरडे करावेत आणि तळहाताखाली कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवून काम करावे. एप्रिल-मेमध्ये घामासाठीही हाच उपाय आहे. कागद आधीच तेलकट झाला असेल तर त्यावर अगदी थोडी शंखजिऱ्याची पूड भुरभुरवून, कापसाने हलकेच फिरवून, पूर्णपणे झटकून टाकावी. ती जागेवर राहिली तर निबेत जाऊन बसते.

वाळण्याच्या वेळेबाबत बहुतेकांचा अंदाज कमी पडतो. बारीक रेषा काही मिनिटांत वाळते, परंतु जबड्याच्या आतला भरीव काळा भाग वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो, आणि नाशकातल्या पावसाळी दिवसांत तो आणखी रेंगाळतो. चमक गेली म्हणजे वाळले असे समजू नये. टीपकागदाचा कोपरा सर्वांत जाड काळ्या भागावर हलकेच टेकवावा. डाग उमटला नाही तरच खोडरबर हातात घ्यावा. पावसाळ्यात मी चित्र रात्रभर ठेवूनच पेन्सिल पुसायला सांगतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली यावे, डावखुऱ्याने उजवीकडून डावीकडे. म्हणजे ओल्या रेषेवर हात जाण्याचा प्रसंगच येत नाही.

पेन्सिलीचा थर

रेषा तुटणे आणि खोडरबरानंतर करडी पडणे, या दोन्हींचे सर्वांत मोठे कारण मला येथे सापडले आहे, म्हणून या तपासणीला घाई करू नये. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि माती यांचे भाजलेले मिश्रण असते, आणि ते कागदावर सहज सरकावे म्हणून त्यात मेणासारखा पदार्थही मुरवलेला असतो. एचच्या बाजूला मातीचे प्रमाण वाढते व रेषा फिकट आणि कडक होते. बीच्या बाजूला ग्रॅफाइट वाढते व रेषा मऊ आणि गडद होते. ४ बी किंवा ६ बीने घोटलेल्या छटेवर एक गुळगुळीत, पाणी न धरणारा थर तयार होतो. शाई त्या थरावर बसते, कागदाच्या तंतूंपर्यंत पोहोचतच नाही. नंतर खोडरबर ग्रॅफाइट उचलतो तेव्हा त्याच्यावर बसलेली शाईही उचलली जाते, आणि रेषा करडी होते. फायनलायनर, म्हणजे बारीक टोकाचे तयार शाईचे पेन, वापरणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो : त्याचे टोक ग्रॅफाइटची भुकटी ओढून घेते, अर्धवट बुजते आणि पेन नवे असूनही रेषा फिकी येऊ लागते. असे टोक कोऱ्या कागदाच्या कपट्यावर हलक्या हाताने काही वेळ चालवले की बऱ्याचदा मोकळे होते.

उपाय असा. शोधाचे काम, म्हणजे जबडा कुठे उघडेल आणि शेपटी कशी वळेल हे ठरवणे, वेगळ्या साध्या कागदावर हव्या तेवढ्या मऊ पेन्सिलीने करावे. पक्क्या कागदावर एचबी किंवा एचने, दाब न देता, केवळ बाह्यरेषा घ्यावी. शाईपूर्वी कणकेसारखा मळता येणारा खोडरबर, ज्याला दुकानात नीडेबल इरेझर म्हणतात, तो रेषेवर घासण्याऐवजी दाबून उचलावा आणि रेषा जेमतेम दिसेल इतकी फिकी करावी. दाबून उचलण्याचे महत्त्व असे की, त्यात कागदाचे तंतू उठत नाहीत.

अनेक बदल झालेल्या चित्रासाठी याहून चांगला मार्ग म्हणजे पेन्सिलचित्र आणि शाईचा कागद पूर्ण वेगळे करणे. लाइट बॉक्स, म्हणजे खालून उजेड देणारी काचेची पेटी, नसेल तर दिवसा खिडकीच्या काचेवर पेन्सिलचित्र चिकटवून, वर कोरा कागद मास्किंग टेपने बसवून एच पेन्सिलीने फिकट बाह्यरेषा उतरवून घ्यावी आणि मग टेबलावर शाईचे काम करावे. काचेवर उभ्या कागदावर थेट शाईने काम करू नये. टाक, म्हणजे शाईत बुडवून चालवायचे निबेचे पेन, उभ्या कागदावर नीट वाहत नाही. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत किंवा सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात बसून स्तंभशीर्षांवरचे प्राणी आणि कोरीव मुखे टिपणाऱ्यांना तर मी नेहमी हाच मार्ग सुचवतो, कारण तेथील वहीच्या पानावर मऊ पेन्सिल, दगडाची धूळ आणि घामाचा हात हे तिन्ही एकत्र आलेले असतात, आणि अशा पानावर शाई चांगली बसणे जवळजवळ अशक्य असते.

शाई

बाटलीवरची अक्षरे वाचावीत. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये काजळीचे सूक्ष्म कण असतात आणि ते कागदाला धरून ठेवण्यासाठी लाखेसारखे किंवा अॅक्रिलिकचे बंधक असते. वाळल्यावर ती पाण्याने हलत नाही. फाउंटन पेनाची नेहमीची शाई ही पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते, ती अधिक पातळ असते, कागदात खोल शिरते आणि वाळल्यानंतरही पाणी लागताच वाहते. चौथ्या लक्षणाचे, म्हणजे वाळलेली रेषा वाहण्याचे, कारण बहुधा एवढेच असते. पट्टीवरच्या वाळलेल्या रेषेवर ओला कुंचला फिरवला की खात्री होते.

शाई योग्य असूनही फिकी येत असेल तर काजळी तळाशी बसलेली असू शकते. बाटली बंद करून हळूहळू उलटसुलट करावी, फेस येईल इतकी हलवू नये. उन्हाळ्यात उघड्या दौतीतली शाई दाट होते आणि निबेवर सुकते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरचे एक-दोन थेंब, तेही वेगळ्या वाटीत काढलेल्या शाईत, घालावेत. पावसाळ्यात पातळ शाई फुटत असेल तर गम अरेबिकचा, म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकाचा, अगदी लहान थेंब तिला थोडी दाट करतो आणि फुटणे कमी होते. प्रमाण वाढले तर काळा भाग वाळल्यावर चमकतो व तडकतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत, कारण बंधके न जुळल्यास शाई फाटते आणि गाठी निबेत अडकतात. लाखयुक्त शाई फाउंटन पेनात कधीच भरू नये. आत वाळलेली शाई पाण्याने निघत नाही आणि पेन कायमचे जाते.

निब आणि पेनाचे टोक

नव्या निबेवर गंज चढू नये म्हणून तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर दिलेला असतो. तो काढला नाही तर शाई निबेवर थेंबाथेंबाने गोळा होते आणि एकदम कागदावर सांडते. निब भांड्याच्या साबणाने किंवा थोड्या टूथपेस्टने घासून, धुऊन, पुसून घ्यावी. काडेपेटीच्या ज्योतीवर निब तापवण्याची पद्धत काही जण सांगतात. तिने पोलादाचा ताव उतरतो आणि निबेची लवचीकता जाते, म्हणून ती टाळावी.

जुन्या निबेत एक दोष असा असतो की तो कागदाच्या दोषासारखा दिसतो. हँडमेड किंवा खरबरीत कागदावर निब दाबून चालवली की कागदाचा एखादा तंतू तिच्या फाटीत अडकतो आणि ओल्या केसासारखा रेषेबरोबर ओढला जातो. रेषा एका बाजूने फुटल्यासारखी दिसते. दोन्ही बाजूंना सारखी फुटलेली रेषा असेल तर कागदाकडे पाहावे. एकाच बाजूला आणि निब पुसल्यावर काही वेळ बरी होणारी असेल तर तंतू शोधावा. काम करताना दर काही मिनिटांनी निब पाण्यात बुडवून, धागे न सुटणाऱ्या जुन्या सुती कापडाने पुसावी. भिंगातून पाहिल्यावर निबेची दोन टोके एकमेकांना टेकत नसतील तर ती निब बदलावी. ती वाकवून सरळ करण्यात घालवलेला वेळ तिच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

फायनलायनरचे टोक दाबाने चपटे झाले असेल तर तो दुरुस्त होत नाही. त्याला कच्च्या कामासाठी ठेवावे.

कागद

कोऱ्या चौकोनातच रेषा फुटली, शाई आणि पेन बदलूनही फुटली, तर कागदाचा प्रश्न आहे. कागदाला जिलेटिन, स्टार्च किंवा अन्य पदार्थाची खळ दिलेली असते, आणि शाई तंतूंमधून इकडेतिकडे ओढली न जाता जागेवर राहते ती या खळीमुळे. पाण्याचा एक थेंब पट्टीवर ठेवावा. चांगल्या खळीच्या कागदावर तो फुगीर राहतो. खळ नसलेल्या कागदात लगेच मुरतो आणि त्याची कड पसरते. हीच तपासणी घासलेल्या जागेवर केली तर खोडरबराने किती नुकसान झाले तेही कळते. कागदाच्या दोन बाजू बऱ्याचदा सारख्या नसतात, म्हणून मागच्या बाजूलाही थेंब ठेवून पाहावा. कधी कधी नुसता कागद उलटा करण्यानेच काम होते.

सुरुवातीला खळ चांगली असूनही साठवणुकीत ती बिघडू शकते. जुन्या नाशकातल्या वाड्यांत ओल धरलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या गुंडाळ्या, तळमजल्यावरच्या पलंगाखाली ठेवलेले कागद, त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीच्या बाजूला, जिथे शहरापेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडतो, तेथे उघड्या मांडणीत राहिलेले गठ्ठे : अशा कागदांवर रेषा ठिकठिकाणी फुटते आणि मध्येच चांगली येते. कागदभर सारखी फुटणारी रेषा बहुधा मुळातच हलक्या खळीच्या कागदाची असते. ठिकठिकाणी फुटणारी रेषा ओलीची किंवा घासण्याची. लक्षणे नोंदवताना हा फरक लिहून ठेवायला सांगितला तो यासाठी. ओलसर कागद कोरड्या खोलीत पसरून पंख्याखाली ठेवला तर त्यातला ओलावा जातो, पण गेलेली खळ परत येत नाही. नवे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सपाट, वरच्या फळीवर, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत.

कागद बदलायचाच असेल तर पूर्ण पॅड घेऊ नये. मेन रोड किंवा कॉलेज रोडच्या परिसरातील स्टेशनरीच्या दुकानांत सुटा कागद मिळतो का हे विचारावे आणि एक-दोन प्रकारांची पट्टी आधी तपासावी. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांच्या सरावासाठी घेतलेला साधा ड्रॉइंग पेपर पेन्सिल आणि पोस्टर कलरला चालतो, पण बारीक टाकाच्या केसाळ कामाला तो अनेकदा कमी पडतो. गुळगुळीत ब्रिस्टल बोर्ड किंवा ३०० जीएसएमचा (जाड) हॉट प्रेस्ड, म्हणजे गरम दाबाने गुळगुळीत केलेला, वॉटरकलर कागद महाग असतो, परंतु ज्या चित्राला आठवडाभर द्यायचा आहे त्यासाठी तो खर्च योग्य आहे.

केसांची बेचकी आणि चपटा राक्षस

येथून पुढे साहित्याचा खर्च संपतो आणि सराव सुरू होतो, म्हणून ही तपासणी शेवटी घेतली आहे.

बेचक्यात शाई साचण्याचे कारण शाईच्या ओढीत आहे. दोन ओल्या रेषा अरुंद कोनात भेटल्या की द्रव त्या कोपऱ्यात खेचला जातो आणि कोपरा भरून निघतो. हात कितीही स्थिर असला तरी हे घडणारच. त्यावर तीन गोष्टी कराव्यात. आयाळीचे झुपके सलग न काढता एक सोडून एक काढावेत आणि पहिले वाळल्यावर मधले भरावेत. रेषा एकमेकींना भिडवण्याऐवजी टोकाशी केसभर जागा सोडावी. डोळा ती जागा आपोआप जोडून घेतो. तिसरी गोष्ट दिशेची : टाक टेकतो तिथे शाई जास्त उतरते आणि उचलतो तिथे कमी, म्हणून सगळे केस मुळाकडून ओढले तर मुळांची एक काळी पट्टी तयार होते. काही केस टोकाकडून मुळाकडे ओढावेत, म्हणजे भार वाटला जातो. खवल्यांतही हेच आहे. प्रत्येक खवल्याची पूर्ण चंद्रकोर काढली की जोडाच्या जागी ठिपक्यांची रांग उभी राहते.

चपटेपणाचे कारण याच्याशी जोडलेले आहे. ज्याला खवले जमू लागतात त्याला ते सगळे काढावेसे वाटतात, ही ओढ मला समजते आणि तिच्यामागचे प्रेमही दिसते. पण एकाच पेनाने, एकाच जाडीने, नाकापासून शेपटीपर्यंत काढलेले खवले सगळीकडे सारखीच करडी छटा देतात, आणि मग पोट कुठे वळते, पाठ कुठे संपते हे सांगायला काही उरत नाही. चित्राचा मोबाइलवर फोटो घ्यावा, तो कृष्णधवल करावा आणि अंगठ्याएवढा लहान करून पाहावा. डोळा, तोंड आणि शरीराची बाह्यकड या तीन गोष्टी वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर चित्रात पूर्ण काळा, रेषाछटा (जवळजवळच्या रेषांनी दिलेली करडी छटा) आणि कोरा कागद या तीन पातळ्यांपैकी एखादी गायब आहे. बहुतेक वेळा पूर्ण काळा गायब असतो, कारण मेहनतीने काढलेले तपशील काळ्यात बुडवायला मन होत नाही.

हे दगडावर शिकता येते. पांडवलेण्यांतील लेणे क्रमांक ३ च्या स्तंभांवर कोरलेले प्राणी किंवा गोंदेश्वरच्या भिंतींवरचे कोरीव काम तिरप्या उन्हात पाहावे : उजेडाच्या बाजूला बारकावे पुसट होतात, सावलीत ते बुडतात, आणि उजेड जिथे सावलीकडे वळतो त्या अरुंद पट्ट्यातच ते ठळक दिसतात. शाईतही खवले, सुरकुत्या आणि केस त्याच पट्ट्यात काढावेत. बाकीच्या ठिकाणी दोन-चार खुणा पुरतात. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात नाचवले जाणारे देव-दानवांचे मुखवटे याच कारणासाठी अभ्यासण्यासारखे आहेत. ते रात्रीच्या उजेडात, गर्दीच्या पलीकडून ओळखू यावे लागतात, म्हणून डोळे, दात आणि भुवया यांना मोठी, स्पष्ट जागा दिलेली असते. राक्षसाचा चेहरा आखताना आधी अशा मोठ्या जागा ठरवाव्यात, त्या काळ्या किंवा कोऱ्या असे नक्की करावे, आणि रेषाछटा त्यानंतर घ्यावी.

आधीच बिघडलेले चित्र थोडेफार सावरता येते. जाड कागदावर फुटलेली कड पूर्ण वाळल्यावर नव्या ब्लेडच्या टोकाने अगदी हलके खरवडता येते, पण त्या जागी पुन्हा शाई घेतली तर ती आणखी फुटते, म्हणून खरवडणे ही तिथली शेवटची कृती असावी. पांढऱ्या गौशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, झाकलेल्या जागेवरही बारीक रेषा टाकाने नीट येत नाही. वाळल्यावर फायनलायनरने घ्यावी.

कुठे थांबावे

जुने चित्र, दुसऱ्याच्या मालकीचे चित्र, किंवा ज्यावर बुरशीचे ठिपके, तपकिरी डाग वा पाण्याच्या कडा आल्या आहेत असे चित्र घरी दुरुस्त करू नये. बुरशी कापडाने पुसली की ती तंतूंमध्ये आणखी खोल जाते आणि पाण्याने हलणारी शाई एका हाताबरोबर निघून येते. ते कोरड्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवावे, इतर कागदांपासून वेगळे करावे आणि कागदाचे संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र आहे. चौकशीची सुरुवात तिथून करता येते.

टेक्निकल पेन, म्हणजे ठरावीक जाडीची रेषा देणारे नळीच्या टोकाचे पेन, बुजले असेल तर त्याचा पुढचा भाग कोमट पाण्यात भिजवून, हलकेच हलवून पाहावे. त्याने मोकळे झाले नाही तर ०.१ किंवा ०.२ च्या टोकातली तार ओढून काढू नये; ती वाकली की परत बसत नाही. लाखेची शाई वाळलेले फाउंटन पेनही दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे.

मूळ चित्र चांगले आहे पण छापल्यावर बारीक रेषा भरून येतात, असे असेल तर चित्राला हात लावू नये. ते ६०० डीपीआयला स्कॅन करून छपाईवाल्याला दाखवावे आणि किती बारीक रेषा व किती अरुंद फट त्यांच्या यंत्रावर आणि त्या कागदावर टिकते, हे विचारून घ्यावे.

शेवटची बाब हाताची आहे, आणि ती साहित्याच्या दोषांइतकीच नीट पाहिली पाहिजे. चाचणीपट्टीवर सर्व काही ठीक असताना रेषा थरथरत असेल, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल किंवा टाक धरताना पकड सुटत असेल, तर सराव वाढवू नये. ही मनगटातली नस दाबली जात असल्याची लक्षणे असू शकतात, आणि त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे वेळेत जावे. जाताना नेहमीचे पेन बरोबर न्यावे आणि ते कसे धरतो, सलग किती वेळ बसतो, हे त्यांना दाखवून सांगावे.